घरत बाईंचा अभिप्राय

घरत बाई पहिल्यांदा आमच्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी त्यांना परत पाठवत होतो. हाकलून देत होतो असं म्हणत नाही, तेवढा दम माझ्या अंगात कधीच नव्हता. रविवार होता, पावसाचे दिवस होते. बेल वाजली, मी दार अर्धं उघडलं. समोर पन्नाशीची, सावळी, नऊवारीतली बाई. हातात कापडी पिशवी, पिशवीच्या खालून पाणी ठिबकत होतं. मी दोन आणि दोन मिळवून पाच केले आणि अत्यंत सभ्य आवाजात म्हणालो, "आज नको मावशी. आज संकष्टी आहे."

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "माजी पन संकष्टीच हाय. मी वाचायला आलेय."

आणि पिशवीतून वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं पुस्तक काढलं. पाणी छत्रीचं होतं.

माझ्या मागे बाहेरच्या खोलीत आमचं अख्खं वाचक मंडळ बसलेलं होतं. सगळ्यांनी ऐकलं. आतून आमची ही पदराला हात पुसत आली. "अहो, या घरत बाई. तुम्हाला सांगितलं होतं ना?" सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. रेशनच्या रांगेत पुस्तक वाचत उभी असलेली एक बाई भेटली, गावातल्या शाळेत मास्तरीण आहे, तिला मी बोलावलंय, असं कुंदा म्हणाली होती. मी 'मास्तरीण' ऐकून पाचवारी, चष्मा आणि पर्स असं चित्र मनात काढून मोकळा झालो होतो.

त्यानंतर चार वर्षं, दर महिन्याला, दारात आल्या की बाई विचारायच्या, "सेक्रेटरी, आज चालेल ना? संकष्टी नाय ना?" चेहऱ्यावर हसू नसायचं. मी मात्र दर वेळी हसायचो. दुसरं काय करणार?

सेक्रेटरी म्हणजे मंडळाचा. सोसायटीचं सेक्रेटरीपद मला कोणी दिलं नव्हतं आणि ते बरंच होतं. वाशीला आम्ही राहायला आलो तेव्हा भिंतींचं प्लास्टर अजून ओलं होतं, नळाला पाणी येण्यापेक्षा न येण्याची वेळ ठरलेली होती आणि दादरचे नातेवाईक आम्हाला काळ्या पाण्यावर पाठवल्यासारखे निरोप द्यायचे. संध्याकाळी करायला काही नव्हतं. म्हणून मंडळ काढलं. सहा घरं मिळून महिन्याला एकच पुस्तक विकत घ्यायची. पुस्तकाबरोबर एक दोनशे पानी वही फिरायची. प्रत्येकानं चार दिवसांत वाचून वहीत अभिप्राय लिहायचा आणि पुढच्या घरी पोचवायचा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या घरी बैठक. त्यात एक नियम होता: स्वतःचा अभिप्राय स्वतः वाचायचा नाही, चिठ्ठी टाकून दुसऱ्याचा वाचायचा. म्हणजे कोणी आवाजात अभिनय भरत नाही. बैठक झाली की मी सगळे अभिप्राय चांगल्या अक्षरात उतरवून लेखकाला पोस्टानं पाठवायचो. माझं अक्षर चांगलं आहे. माझ्याबद्दल एवढीच एक गोष्ट सगळे एकमतानं कबूल करतात.

अध्यक्ष होते देवस्थळी साहेब. रिटायर्ड. पेन्शन आणि मतं, दोन्ही वेळेवर. त्यांचा अभिप्राय तीन पानांखाली कधी आला नाही आणि त्यात 'जीवनानुभूती' हा शब्द आला नाही असंही कधी झालं नाही. आम्हा बाकीच्यांचे अभिप्राय म्हणजे साहेबांच्या लेखाची गरिबांची आवृत्ती.

घरत बाई एक ओळ लिहायच्या. फार तर दोन. आणि खाली मार्क.

हो, मार्क. दहापैकी. "भाषा चांगली. नायिकेला पोळीचं पीठ मळता येत नाही, पण लेखकाला ते माहीत नाही. दहापैकी साडेपाच." "खून कोणी केला ते तिसऱ्या पानावर कळलं. तरी शेवटपर्यंत वाचलं. दहापैकी सात." देवस्थळी साहेबांनी पहिल्याच बैठकीत हरकत घेतली. "बाई, साहित्याला गुण देता येत नाहीत."

"का? नापास होतील म्हनून?" बाईंनी विचारलं. त्यावर साहेबांनी चहाचा कप उचलला.

त्यांच्या तऱ्हा अनेक. पुस्तक हातात आलं की आधी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घालायचं, मग उघडायचं. वरचं चित्र बघितलं की अर्धं पुस्तक आधीच खरं वाटायला लागतं, असं त्यांचं म्हणणं. अंबाड्यात पेन्सिलीचा तुकडा खोवलेला असायचा. सोफ्यावर कधी बसल्या नाहीत. दाराजवळ सतरंजीवर, भिंतीला पाठ न टेकता. वर्गात बसतात तशा नाही, वर्गावर बसतात तशा. बोलताना मध्येच शाळेची भाषा यायची, मध्येच गावची. मी एकदा शहाणपणा करून म्हटलं, बाई, तुम्ही शिक्षिका असून 'हाय' म्हणता. त्या म्हणाल्या, "शाळेत मी 'आहे' शिकवते. हे तुमचं घर हाय ना? का मला परत शाळेत बसवताय?"

आमच्या पत्त्यात सेक्टर होता, प्लॉट होता, बिल्डिंगला एका फुलाचं नाव होतं. बाईंनी यातलं काही कधी उच्चारलं नाही. देवस्थळी राहायचे ते 'आंब्याच्या बांधावर'. आम्ही राहत होतो ते 'मोठ्या आगरात'. "तुमच्या किचनखाली आमचं मीठ पिकायचं," त्या कुंदाला सांगायच्या, "म्हनून तुमच्या आमटीला चव हाय." कुंदा हसायची. मीही हसायचो. माणूस आपल्या किचनखाली काय होतं याचा विचार करायला लागला तर कर्जाचे हप्ते कसे भरणार?

आणि त्यांचा एक शब्द होता, पुस्तकांसाठी. एखादं पुस्तक पटलं नाही की त्या म्हणायच्या, "काठावरून लिवलंय." म्हणजे लिहिणारा पाण्यात उतरलेला नाही. पाय कोरडे आहेत त्याचे. उलट पटलं तर फक्त "भिजलाय" एवढंच. चार वर्षांत हा दुसरा शब्द मी तीनदा ऐकला.

त्यांच्या घरच्यांबद्दल आम्हाला एवढंच माहीत होतं की नवरा मिठागरावर होता, मिठागर गेल्यावर तुर्भ्याला वॉचमन झाला आणि नंतर घरीच बसला. मुलगी उरणला दिलेली. आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मंडळात आम्ही सगळे मनुष्यस्वभावाचे जाणकार होतो, त्यामुळे शेजारच्या माणसाला विचारायची गरज पडत नसे.

एका थंडीत देवस्थळींना निसर्गाची ओढ लागली. बाई म्हणाल्या, चला, खाडी दाखवते. आम्ही सातआठ जण निघालो. बायकांनी चपला घातल्या होत्या, बाई अनवाणी, आणि मी ऑफिसचे नवे बूट. बांधावरून चालत होतो. एका बाजूला तिवरं, त्यात बगळे. दुसऱ्या बाजूला लाल मातीचा भराव, त्यावर आमच्या वसाहतीच्या मागच्या भिंती. मी एका बगळ्याबद्दल काहीतरी काव्यमय बोलायच्या बेतात होतो, म्हणून बांध सोडून दोन पावलं भरावाच्या कडेला गेलो. वरून सुकलेलं दिसत होतं. दुसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत आत.

सगळे हसले. मीही हसत होतो आणि बूट ओढत होतो. नवा बूट होता हो.

"हलू नका," बाई म्हणाल्या.

मी बूट ओढतच होतो. आता दुसरा पायही जात होता.

"बूट सोडा. पाय घ्या."

"अहो, पण येतोय तो, जरासा..."

"बूट सोडा म्हनते ना मी."

तो आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता, नंतरही ऐकला नाही. बगळे उडाले. बाई बांधावर चक्क पालथ्या पडल्या, माझ्या दोन्ही काखांत हात घातले आणि मला म्हणाल्या, आडवे व्हा, पोहल्यासारखे व्हा. त्यांनी मला ओढून काढलं. बूट आणि मोजा आतच राहिला. बांधावर बसलो तेव्हा सगळे इतके हसत होते की देवस्थळींना ठसका लागला. बाईंचे हात कोपरापासून थरथरत होते. मला वाटलं, वय झालं, श्रम झाले.

"इथं उघाडी होती," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या. उघाडी म्हणजे काय, देवस्थळींनी विचारलं. बांधातलं लाकडी दार, भरतीला लावायचं, ओहोटीला उघडायचं, पाणी हिशेबात ठेवायचं. आता ती कुठे आहे? बाईंनी हनुवटीनं भराव दाखवला. आणि पदरानं हात पुसत पुढे चालायला लागल्या.

मी घरी एका बुटावर आलो. ही गोष्ट मी ऑफिसात, लग्नांत, मुंजींत पुष्कळदा सांगितली. चांगली रंगायची. आता सांगत नाही.

त्यानंतर वर्षभरानं ती कादंबरी आली. नाव सांगत नाही, अजून दुकानात मिळते. खाडीकाठचं एक कुटुंब. मुलगा बुडतो. बाप दारू जवळ करतो, भाऊ शहरात निघून जातो, आई बोलायची थांबते. मग पुढची दीडशे पानं ती नुसती खाडी बघत बसते. भरती, ओहोटी, तिवरांची मुळं, पाखरं. शेवटच्या प्रकरणात ती पाण्यात उतरते, ओंजळ भरते आणि खाडीला माफ करते. भाषा अशी की वाचताना आपलाच गळा आपल्याला दाटलेला ऐकू येतो. देवस्थळी साहेबांनी साडेचार पानं लिहिली. त्यांच्या मिसेस लिहिताना रडल्या, वहीवर डाग होता. मी लिहिलं, "निसर्ग हाच माणसाचा अखेरचा सांत्वनकर्ता आहे." हे वाक्य लिहून झाल्यावर मी ते कुंदाला दोनदा वाचून दाखवलं. ती मटार सोलत होती. म्हणाली, "असेल."

शिवाय या वेळी एक मोठी गोष्ट होती. लेखक देवस्थळींच्या मेहुण्याच्या ओळखीचे निघाले. मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाला यायला तयार झाले. शाळेचा हॉल ठरला, पत्रिका छापायला दिल्या.

पुस्तक सगळ्यात शेवटी घरत बाईंकडे गेलं. चार दिवसांचं पुस्तक त्यांनी तीन आठवडे ठेवलं. बैठक एक रविवार पुढे ढकलली. बाई आल्या. संकष्टीचं विचारलं नाही. वही टीपॉयवर ठेवली आणि सतरंजीवर बसल्या.

चिठ्ठ्या टाकल्या. त्यांचा अभिप्राय माझ्या वाट्याला आला.

पहिल्यांदाच पूर्ण पान भरलेलं होतं. मी नेहमीच्या आवाजात सुरू केलं. तो मजकूर मला पाठ आहे, कारण पुढे तो मला पुन्हा एकदा लिहावा लागला.

"या बाईच्या मुलाला खाडीने नेले, असे लेखक म्हणतात. आमच्या दत्तूलाही खाडीने नेले, असे लोक म्हणाले. खाडी तिथे आधीपासून होती. दत्तू तिच्यातच पोहायला शिकला. त्याचे आजोबा आणि पणजोबाही शिकले. भराव टाकताना ठेकेदाराने उघाडी बुजवली. गावाने दोनदा जाऊन सांगितले. भाद्रपदाच्या उधाणाला पाणी नव्या वाटेने शाळेच्या पायवाटेवर आले. दत्तूला पोहता येत होते. पण भरावाच्या गाळात पाय रुतल्यावर पोहता येत नाही. त्याने दप्तर सोडले नव्हते. पुस्तकातली आई शेवटी खाडीला माफ करते. खाडीने काय केले होते? ज्याने माफी मागायची त्याचे नाव पुस्तकात कुठेही नाही. तिवरांचे वर्णन बरोबर आहे. काठावरून लिहिले आहे. मार्क दिलेले नाहीत."

'पाय रुतल्यावर' या शब्दांपाशी मला भरावात राहिलेला माझा बूट आठवला. मी पुढचं वाचलं. आमची बाहेरची खोली दहा बाय बारा, नवीन मोझॅकची. त्या मोझॅकखाली काय आहे हे खोलीतल्या प्रत्येकाला एकदमच कळलं असावं, कारण सगळे खाली बघत होते.

"भावना अतिशय तीव्र आहेत," देवस्थळी शेवटी म्हणाले.

कुंदानं विचारलं, "कितवीत होता हो बाई?"

"चौथीत. माज्याच वर्गात."

कुंदा उठून त्यांच्याजवळ सतरंजीवर जाऊन बसली. मी चहाचं बघतो म्हणून आत गेलो. चहा आधीच झालेला होता.

आता पुढचं. हे सांगण्यासाठीच इतकं लांबण लावलं, आणि हे टाळण्यासाठीसुद्धा.

दोन दिवसांनी देवस्थळी साहेब जिन्यात भेटले. "ते अभिप्राय पाठवताना घरत बाईंच्या पानावर जरा हात फिरवा," म्हणाले. "बाईंचं दुःख खरं आहे, कोण नाही म्हणतंय. पण ठेकेदार, भराव... लेखक पाहुणे म्हणून येताहेत. साहित्यात असलं आणायचं नसतं. गाभा ठेवा, धार तेवढी बोथट करा."

हात फिरवणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं. तुर्भ्याच्या ज्या कारखान्यात मी हेडक्लार्क होतो तिथे कामगाराचा अर्ज आला की तो आधी माझ्या टेबलावर यायचा. त्यात लिहिलेलं असायचं, 'पंखा बंद पडून तीन महिने झाले, माणसं आहोत का जनावरं?' मी टाईप करून घ्यायचो, 'नम्र विनंती की पंख्याची दुरुस्ती व्हावी.' कामगार सही करायचा, मॅनेजर मंजूर करायचा, पंखा लागायचा. मला वाटायचं, मी उपकार करतोय. वीस वर्षं असंच वाटत होतं. अर्जातला राग कसा पुसायचा ते माझ्या बोटांना माझ्या आधी कळायचं.

मी टेबलाशी बसलो आणि घरत बाईंचं पान माझ्या सुंदर अक्षरात उतरवलं. भराव गेला. उघाडी गेली. ठेकेदार गेला. मग उरलेलं फारच तुटक वाटायला लागलं. म्हणून शेवटी मी एक वाक्य घातलं: "माझ्या दत्तूलाही खाडीनेच नेले. आपली कादंबरी वाचून मी आज तिला क्षमा केली आहे." खाली त्यांचं नाव. खोटं कशाला बोलू, वाक्य जमलं असं मला वाटलं होतं. मी ते कुंदाला वाचून दाखवलं नाही. एवढी अक्कल होती म्हणजे काय करतोय तेही कळत होतं.

कार्यक्रमाला हॉल भरला. लेखक मृदू, पांढऱ्या केसांचे, सज्जन गृहस्थ होते, त्यांच्याविषयी माझी काही तक्रार नाही. भाषणाच्या शेवटी त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. म्हणाले, मला पुरस्कार मिळालेत, पण हे याच मातीतल्या एका आईचं पत्र माझ्यासाठी सगळ्यांत मोठं आहे. आणि त्यांनी माझं वाक्य वाचलं. वाचताना त्यांचा आवाज कापला. हॉलमध्ये पदर डोळ्यांना लागले. "त्या माऊली इथं आल्यात असं कळतं. त्यांनी कृपया वर यावं." देवस्थळींच्या हातात शाल आणि नारळ तयार होता.

घरत बाई मागच्या रांगेत कुंदाच्या शेजारी बसल्या होत्या. उठल्या. हॉलभर टाळ्या. मी स्टेजच्या कडेला उभा होतो, तिथून पळायला दार होतं, पण ते बाहेरून बंद होतं.

त्या वर आल्या. शालीकडे बघितलं नाही. हात पुढे करून तो कागद मागितला. पिशवीतून चष्मा काढला, लावला, सावकाश सगळा वाचला. टाळ्या आपोआप थांबल्या. मग त्यांनी अंबाड्यातली पेन्सिल काढली. शेवटच्या ओळीवर एक आडवी रेघ मारली, वहीत मारतात तशी, न रागावता, आणि कागद लेखकांना परत दिला.

"ही माफी मी दिली?" त्यांनी विचारलं. माईक लेखकांसमोर होता, त्यामुळे मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"हो... म्हणजे आपणच लिहिलंयत ना," लेखक गोंधळून म्हणाले.

"नाय. हे अक्षर ज्याचं हाय त्यानं दिली असंल. त्याचं कोन गेलं ते विचारा त्याला."

आणि खाली उतरल्या. मधल्या वाटेनं सरळ दाराबाहेर गेल्या. कुंदा त्यांच्या मागे गेली. देवस्थळींनी माईक घेतला आणि चहापानाची घोषणा केली. बटाटेवडे चांगले झाले होते असं पुढे बऱ्याच लोकांनी सांगितलं.

कुंदा आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वाढत होती, भाजी विचारत नव्हती. नवव्या दिवशी मी ऑफिसला अर्धी रजा टाकून गावातल्या शाळेत गेलो. वर्ग भरला होता. बाईंनी मला खूण करून मागे बसायला सांगितलं. मी पोरांच्या मागे तरटपट्टीवर मांडी घालून बसलो. त्या गृहपाठ तपासत होत्या. एक मुलगी उभी राहिली, म्हणाली, "बाई, मी केला होता, वही घरी राहिली." बाईंनी तिच्याकडे बघितलं. "मग बरं," म्हणाल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या. ती मुलगी बसली, पण तिचा चेहरा छडी खाल्ल्यापेक्षा वाईट झाला होता.

मधली सुट्टी झाली. मी म्हणालो, बाई, चुकलं. त्या डबा उघडत होत्या. तांदळाची भाकरी, सुकट. त्यांनी भाकरीचा तुकडा माझ्यापुढे केला. मी घेतला.

"माझ्याकडे काय चुकलं म्हनता? मला ठाऊकच हाय मी काय लिवलं ते," त्या म्हणाल्या. "तिकडं ते पोचलं पायजे. वहीतलं पान जसं हाय तसं लिवा. तुमच्याच अक्षरात. तुमच्या अक्षरात खोटं गेलं, आता तुमच्याच अक्षरात खरं जाऊ दे. वर लिवा, आधीचं मी लिवलं होतं म्हनून."

"आजच लिहितो."

"एकच गोष्ट हाय, सेक्रेटरी," डब्याचं झाकण लावत त्या म्हणाल्या. "दत्तूला कोनी नेलं ते मी एकदाच लिवलं. पोलिसांत पन त्यांनीच त्यांच्या शब्दांत लिवलं होतं. पाय घसरून, म्हनून. माझ्या हातानं एकदाच."

मी लिहिलं. त्याच संध्याकाळी लिहिलं, हे शपथेवर सांगतो. वहीतलं पान शब्दाला शब्द. वर माझी कबुली. पाकिटावर पत्ता घातला. सकाळी पोस्टात टाकायला निघालो तर खाली देवस्थळी. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "लेखकांचं पत्र आलंय. झाल्या प्रकाराबद्दल तेच दिलगीर आहेत. म्हणतात, माऊली भावनावेगात होत्या. त्यांनी मनातून विषय काढून टाकलाय, तुम्ही आता परत कशाला? बाईंनाच त्रास होईल, वर्तमानपत्रवाले येतील. जरा थांबा."

मी जरा थांबलो. थांबण्यात मी पूर्वीपासून हुशार. पाकीट कपाटात ठेवलं. महिना गेला, मग दिवाळी आली, मग मुलाची परीक्षा. बाई मंडळात पुन्हा आल्या नाहीत. शेवटचं पुस्तक त्यांनी कुंदाच्या हाती परत पाठवलं, वर्तमानपत्राचं कव्हर तसंच होतं.

दुसरी आवृत्ती निघाली. देवस्थळी साहेब प्रत घेऊन आले. मंडळाचे आभार मानले होते. मागच्या कव्हरवर एका आईचं पत्र म्हणून माझं वाक्य होतं, रेघ मारलेलं, पण रेघ छापत नाहीत. मला सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की छापल्यावर बरं दिसतंय. त्यानंतर मी ते पुस्तक पालथं ठेवायला लागलो आणि लक्षात आलं की पालथं ठेवलं की तेच वर येतं.

मंडळ पुढे वर्षभर चाललं. मग घरोघरी टीव्ही आले, रविवारी सकाळी माणसं उपलब्ध होईनात. वही माझ्याकडेच राहिली.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर चारपाच वर्षांनी. तुर्भ्याला कारखान्यातून सुटून मी स्टॉपवर उभा होतो. टळटळीत दुपार, अर्ध्या दिवसाचा शनिवार. उरणकडे जाणारी एसटी ट्रकांच्या गर्दीत स्टॉपच्या पुढे जरा अडकली. खिडकीत घरत बाई. केस पांढरे झाले होते, पेन्सिल जागेवर होती. मांडीवर पुस्तक, वर वर्तमानपत्राचं कव्हर. मुलीकडे निघाल्या असाव्यात. आम्ही दोघांनी एकमेकांना एकाच वेळी पाहिलं. नमस्कार करून मी खिडकीखाली गेलो. म्हटलं, कशा आहात बाई? रिटायर झालात?

"झाले," त्या म्हणाल्या. "टाकलं का पत्र?"

ड्रायव्हर गिअर टाकत होता. 'नाही' म्हणायला वेळ पुरला असता. तेवढा वेळ होता, मी नंतर मोजून पाहिलाय.

"हो," मी म्हणालो. "केव्हाच टाकलं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पहिल्या दिवशी दारात पाहिलं होतं तितकंच नीट.

"मग बरं," म्हणाल्या.

गाडी हलली. त्यांनी पुस्तक उघडलं आणि खाली बघून वाचायला लागल्या. धुरळ्यात खिडकी दिसेनाशी होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

पुढच्या पावसाळ्यात त्या गेल्याचं कुंदाला बाजारात कुणीतरी सांगितलं. पण ते नंतरचं. त्या शनिवारी मी घरी आलो तेव्हा कुंदा गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. मी तिला सगळं सांगितलं. एसटी, खिडकी, पेन्सिल. मी काय म्हणालो तेसुद्धा सांगितलं, तिच्याशी तरी खोटं बोललो नाही. तिनं माझा शर्ट झटकला, घडी घातली, चिमटे डब्यात टाकले.

"कपाटात वरच्या फळीवर आहे," ती म्हणाली. "तिकीट मी तेव्हाच लावून ठेवलं होतं. आता दर वाढलेत. आणखी एक लावावं लागेल."